ताटातले पाणी

मंडळी, आपण रोज जेवतो. रोज चहा पितो, ताक पितो. पोट भरले की ताट सारतो आणि कामाला लागतो. पण या खाण्यापिण्याचा आपल्या विहिरीशी, रानाशी, गुराढोरांशी काही संबंध आहे काय? आहे. फार जवळचा आहे. तो कसा, ते आज पाहू.

मागच्या चैत्रातली गोष्ट. संध्याकाळी आमच्या वाचनवर्गाला मंडळी जमली होती. शेजारच्या आक्का उशिरा आल्या. पाटी खाली ठेवत म्हणाल्या, "काय करू गुरुजी, हापशाला पाणी येईना. अर्धा तास दांडा मारला, तेव्हा कुठं दोन घागरी भरल्या."

मी विचारले, "आक्का, तुमच्या घरी दिवसाला किती घागरी पाणी लागते?"

"पाच माणसं आन् दोन जनावरं. पंधरा-वीस घागरी तर लागतातच."

"आणि जेवणाला किती पाणी लागते?"

"सैपाकाला एक घागर बास झाली की."

"सैपाकाचे नव्हे, आक्का. ताटातल्या भातात, भाकरीत, चहाच्या साखरेत जे पाणी जाते, ते विचारतो."

सगळे हसू लागले. तात्या म्हणाले, "गुरुजी, साखरेत पाणी घातलं तर ती इरघळंल की!"

मीही हसलो. मग खडू घेऊन फळ्यावर हिशेब मांडला. हिशेब पुरा झाला तेव्हा मात्र कोणी हसले नाही. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. पाटी-पेन्सिल जवळ घ्या आणि माझ्याबरोबर करून पाहा.

साखरेच्या एका चमच्याचा हिशेब

साखर उसापासून होते. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो. तेवढे दिवस त्याला पाणी लागते. पाटाने पाणी दिले तर एक एकर उसाला वर्षाकाठी सुमारे ८० लाख लिटर पाणी लागते. त्यातले थोडे पावसाचे. बाकीचे विहिरीचे, बोअरचे किंवा कालव्याचे.

एकरी ४० टन ऊस आला असे धरू. १०० किलो उसातून साधारण १० किलो साखर निघते. म्हणजे ४० टन उसातून ४ टन साखर निघाली. ४ टन म्हणजे ४,००० किलो.

आता ८० लाखांना ४ हजारांनी भागा. उत्तर येते २,०००. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटर पाणी!

लहान चमच्यात ५ ग्रॅम साखर मावते. एका किलोत असे २०० चमचे होतात. २,००० ला २०० ने भागा. उत्तर १०. म्हणजे साखरेच्या एका चमच्यामागे १० लिटर पाणी गेले.

आक्कांच्या घरात पाच माणसे. दोन वेळा चहा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. पाच दुणे दहा कप, दहा दुणे वीस चमचे. वीस चमच्यांमागे २०० लिटर पाणी. आपली घागर बारा-पंधरा लिटरची असते. म्हणजे जवळपास पंधरा घागरी झाल्या. आक्का दिवसभरात हापशावरून जेवढे पाणी वाहून आणतात, जवळजवळ तेवढेच पाणी घरच्या चहाच्या साखरेत आधीच जिरलेले असते.

हा हिशेब ढोबळ आहे. जमीन बदलली, पाणी देण्याची रीत बदलली की आकडा खालीवर होतो. पण अंदाज यायला तो पुरेसा आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज असते. उसाला ठरलेला भाव मिळतो. ज्वारीच्या भावाची तशी खात्री नसते. म्हणून तो ऊस लावतो. त्याने ठिबक बसवले तर पाण्याची पुष्कळ बचत होते. आणि खाणारे आपण आहोत. कपात दोन चमच्यांऐवजी एक चमचा घालणे आपल्या हातात आहे. तेवढ्याने आक्कांच्या घरचे रोजचे १०० लिटर वाचतात. शरीरालाही ते बरेच आहे. आता खेड्यातही घरोघरी मधुमेहाचा रोगी दिसू लागला आहे.

पावसाचे पाणी आणि विहिरीचे पाणी

तात्यांनी लगेच विचारले, "गुरुजी, ज्वारीला काय पाणी लागत नाही व्हय?"

प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक पिकाला पाणी लागतेच. पण ते पाणी कोठून येते, हे पाहिले पाहिजे. आभाळातून पडून जमिनीत मुरलेले पाणी पिकाने घेतले, तर विहिरीला झळ पोचत नाही. विहिरीतून, बोअरमधून उपसून दिले, तर विहीर खाली जाते.

आपल्या सोलापूरकडची काळी जमीन पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनात शाळू पेरतात. तो त्या ओलीवर वाढतो. थंडीत पोसतो आणि माघ-फाल्गुनात काढणीला येतो. जमीन भारी असेल आणि पाऊस बरा झाला असेल, तर वरचे पाणी दिले नाही तरी चालते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, ते याच कोरडवाहू ज्वारीमुळे. हलक्या रानात बाजरी येते. तीही पावसावर येते.

आणखी पाहा. ज्वारीचे दाणे माणसाला आणि कडबा जनावराला. एका पिकात दोन पोटे भरतात.

मग भात वाईट काय? मुळीच नाही. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे भातखाचर आपोआप भरते. कोकणातल्या माणसाने भात खावा, वरकस रानातली नाचणी खावी. ते त्याच्या मातीला धरून आहे. पण जेथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तेथे बोअर मारून भात आणि ऊस काढायचा, हे मातीला सोसत नाही. ज्या मुलखात जे सहज पिकते, ते त्या मुलखाचे खरे अन्न.

न सोसणारे ओझे जमिनीवर टाकले की काय होते, ते आपण पाहिले आहे. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे मराठवाड्यात पाऊस कमी झाला. मांजरा धरण कोरडे पडले. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा डबे होते. त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आता मघाचा आकडा आठवा. एक एकर उसाला वर्षाला ८० लाख लिटर. म्हणजे तशा सोळा गाड्यांचे पाणी एका एकरात जाते.

भाकरी मागे का पडली?

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आम्ही खाल्ली. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. आई म्हणायची, "आपल्या शाळूची भाकरी पुन्हा कधी दिसंल रं?" पुढे पाऊस झाला. शाळू पिकला. पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा आईने ती देवापुढे ठेवली. ती भाकरी मी विसरलो नाही.

आज ती भाकरी आपल्याच ताटातून कमी होत चालली आहे. त्याची कारणे आहेत. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. गरिबाने तो जरूर घ्यावा. तो त्याचा हक्क आहे. शिवाय ज्वारीची पाखरे राखावी लागतात. काढणीला मजूर मिळत नाहीत. आणि भाकरी थापायला वेळ लागतो. तो वेळ बाईचा जातो.

आक्का फटकन म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही म्हणता भाकरी खा. चुलीपुढं बसून धा-पंधरा भाकरी कुणी थापायच्या? पाणी आणायचं आमीच, भाकरी बी आमीच!"

आक्कांचे म्हणणे खरे आहे. म्हणून पुरुषमंडळींना माझे सांगणे आहे. भाकरी हवी असेल तर पाणी तुम्ही भरा. दळण तुम्ही आणा. पीठ मळून द्या. थापायलाही शिका. मी साठी उलटल्यावर शिकलो. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, पण दहावी गोल झाली.

सगळे एकदम बदलू नका. दिवसाकाठी एक जेवण भाकरीचे ठेवा. पोरांना आठवड्यातून एकदा ज्वारीच्या कण्या, बाजरीचा खिचडा, नाचणीची आंबील द्या. या धान्यांचे मोल आता जगालाही कळले आहे. भारताने मागणी केली आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले.

डाळ खा, जमीन राखा

भाकरीबरोबर काय खावे? मटकी, हुलगे, तूर, हरभरा, मूग. या पिकांचा एक गुण आहे. तुरीचे किंवा हरभऱ्याचे रोप हलक्या हाताने मुळासकट उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र घेऊन पिकाला देतात. मुळे कुजली की थोडा जमिनीतही उरतो. हाच नत्र आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. म्हणून जुनी माणसे ज्वारीत तुरीचे तास टाकीत. एक वर्ष ज्वारी, एक वर्ष हरभरा असा फेरपालट करीत.

तेलाचेही असेच आहे. आपल्या देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. त्यात पामतेल पुष्कळ असते. ते इंडोनेशिया-मलेशियाकडून येते. तिकडे पामच्या बागांसाठी मोठमोठी जंगले तोडली गेली. करडई, भुईमूग, तीळ, जवस आपल्याच रानात येतात. तेल घाण्यावर काढून आणा. ते महाग पडते हे खरे. म्हणून थोडे वापरा. जवसाची, कारळाची चटणी भाकरीशी झकास लागते.

मोसमाची भाजी

पावसाळ्यात बांधावर फुकट काय काय उगवते, ते आठवा. तांदुळजा, कुर्डू, टाकळा, पाथरी, घोळ. यांना ना पाणी द्यावे लागते, ना खत. पण पक्की ओळख असलेलीच भाजी खुडा. तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी घेऊ नका.

हिवाळ्यात वांगी, मेथी, हरभऱ्याचा पाला. उन्हाळ्यासाठी गवार, मेथी वाळवून ठेवा. सांडगे घाला. उन्हाला पैसा पडत नाही आणि विजेचे बिल येत नाही.

घरामागे मोरीचे पाणी वाया जाते. त्याचा चर काढा. त्यावर अळू लावा, दोन केळी लावा. चिखल नाही, डास नाही, आणि भाजीला बाजारात जाणे नाही.

स्वयंपाक करताना दोन गोष्टी पाळा. कडधान्य रात्री भिजत घाला. आणि भांड्यावर झाकण ठेवा. डाळ लवकर शिजते. सरपण किंवा गॅस कमी लागतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत धूरही कमी जातो.

बाटली की तांब्या?

आता पिण्याचे पाहू. पाहुणा आला की हल्ली पोराला दुकानात पिटाळतात. पोरगे रंगीत पाण्याची बाटली घेऊन येते. अशा पाव लिटरच्या बाटलीत पाच चमचे तरी साखर असते. हिशेब तुम्हाला आता येतो. पाच चमचे म्हणजे ५० लिटर पाणी. पाहुणा पितो पाव लिटर, पण त्यापायी ५० लिटर पाणी गेलेले असते. शिवाय रिकामी बाटली ओढ्यात पडते ती पडतेच. ती कुजत नाही.

आपल्याकडे काय कमी आहे? ताक आहे. उन्हाळ्यात कैरीचे पन्हे आहे, कोकमाचे सरबत आहे, लिंबू आहे. पन्ह्याला गूळ लागतो. गूळही उसाचाच, तेव्हा हात राखून घाला. ताकाला मात्र चिमूटभर मीठ आणि जिरे पुरते.

थंड पाण्याला माठ आहे. माठातले पाणी गार का होते, ठाऊक आहे? माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. वीज लागत नाही आणि गावच्या कुंभाराला काम मिळते. पाण्याची शंका असेल तर ते उकळून, निववून मग माठात भरा.

माझ्या हातून झालेली चूक

शेवटी एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

२०१४ साली माझ्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. सातशे पान उठले. पूर्वी आमच्याकडे पळसाच्या पत्रावळी असत. या वेळी मुले म्हणाली, "दादा, आता पत्रावळी कोण लावतं? लोक हसतील." मी थर्माकोलच्या थाळ्या आणल्या. प्लॅस्टिकचे पेले आणले. वाढणारे भरभरून वाढत होते आणि लोक अर्धे टाकून उठत होते. उरलेला भात, जिलबी, भाजी पिशव्यांत बांधली आणि गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकली. पोरांनी टाकली, पण ती माझ्या सांगण्यावरून टाकली.

आमची कपिली गाय तेव्हा गाभण होती. चरायला सुटली की त्या खड्ड्याकडे जायची. पिशवीची गाठ गाईला सोडता येत नाही. आतल्या अन्नाच्या वासाने ती पिशवीसकट खाते. अन्न पचते, पिशवी पोटातच राहते. महिन्या-दीड महिन्यात गाईने चारा सोडला. पोट फुगले. गुरांचे डॉक्टर आले, औषध झाले, पण गाय उठली नाही. मेल्यावर डॉक्टरांनी पोट उघडून दाखवले. पाटीभर पिशव्या निघाल्या. पोटातले वासरूही गेले.

चाळीस वर्षे मी मुलांना "मुक्या प्राण्यांवर दया करा" असे शिकवले. आणि माझ्याच घरच्या उष्ट्याने माझी गाय मेली. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

पुढे २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या थाळ्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या थाळ्या, पेले, नळ्या यांवर देशभर बंदी आली. तरी बाजारात त्या अजून सापडतात. कायदा सरकार करते. पाळायचा तो आपण.

गेल्या वर्षी नातीचे बारसे झाले. आक्का आणि आणखी चार जणींनी पळसाच्या पत्रावळी लावल्या. त्यांना मजुरी मिळाली. पाणी तांब्या-पेल्यांनी दिले. वाढप्यांना सांगितले, "थोडे वाढा, पुन्हा विचारा." उरलेले अन्न त्याच संध्याकाळी वाटून टाकले. पत्रावळी उकिरड्यात गेल्या. त्यांचे खत झाले. कोणी हसले नाही. उलट, गावातल्या पुढच्या दोन कार्यांत पत्रावळीच दिसल्या.

ध्यानात ठेवा

१. चहात साखर निम्मी करा.
२. दिवसाकाठी एक जेवण भाकरीचे ठेवा. त्या कामात पुरुषांनी हात लावावा.
३. आपल्या मुलखात, आपल्या मोसमात पिकते ते आधी खा.
४. आठवड्यात चार-पाच वेळा तरी डाळ-उसळ करा. कडधान्य भिजवून आणि झाकण ठेवून शिजवा.
५. पाहुण्याला बाटलीऐवजी ताक द्या.
६. पानात टाकू नका. शिळी भाकरी ताकात कुस्करा किंवा फोडणीला टाका.
७. अन्न पिशवीत बांधून कधीही फेकू नका.

एका घराने हे केले तर विहीर भरणार नाही, हे मला कळते. पण थेंबे थेंबे तळे साचते, आणि थेंबे थेंबेच ते आटतेही. आपली विहीर एका दिवसात आटली नाही.

त्या रात्री वर्ग सुटल्यावर तात्यांच्या घरी चहा झाला. तात्यांनी डब्यातून एकच चमचा साखर घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, धा लिटर वाचलं बघा."

प्रश्न

१. तुमच्या घरात महिन्याला किती किलो साखर लागते? तिच्यामागे किती लिटर पाणी गेले? हिशेब करा.
२. रब्बीची ज्वारी विहिरीच्या पाण्याशिवाय कशी येते?
३. गाय पिशवी का खाते? पुढे काय होते?
४. तुमच्या गावच्या पुढच्या लग्नात काय बदल करता येतील? घरात बोला आणि चार ओळी लिहा.